माजघरातली कोठी

चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक होऊन आठ दिवस झाले होते आणि प्रभावतीच्या घरी वर्षाच्या कामांची घाई उडाली होती. तूर भरडून डाळ झाली होती, तिखट कुटून बरणीत गेलं होतं, खारोड्या वाळून डब्यात बसल्या होत्या. राहिल्या होत्या कुरड्या. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, त्याचा चीक काढून, तो पहाटेच चुलीवर शिजवून सासू-सुनेनं उन्हं वर यायच्या आत स्लॅबवर सोऱ्यातून कुरड्या पाडल्या होत्या. एप्रिलातलं ऊन. दुपारपर्यंत वरची बाजू कडक व्हायची, मग एकेक उलटायची.

गाव नेरपासून नऊ किलोमीटर. नवरा नागोराव, मुलगा रवी, सून शीला आणि सहा वर्षांची नात वैष्णवी, असं प्रभावतीचं घर. तीन एकर वावर, त्यात कापूस आणि तूर, आणि विहिरीजवळच्या तुकड्यात घरापुरता गहू. रवी नेरला मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला जायचा. घराच्या पुढच्या दोन खोल्या घरकुलातल्या, स्लॅबच्या. मागचं माजघर मात्र जुनं, मातीच्या जाड भिंतींचं, वर कवेलूंचं छप्पर. कवेलूंतून माती पडते म्हणून रवीनं खालून मेणकापड ताणून बसवलं होतं. त्या माजघरात एका कोपऱ्यात पत्र्याची कोठी होती, माणसाच्या छातीएवढी उंच. घरातल्या पाच तोंडांचा वर्षाचा गहू त्या कोठीत.

गेल्या वर्षी त्या गव्हानं प्रभावतीला मान खाली घालायला लावली होती. श्रावणात कोठीचं झाकण काढलं तर आतला गहू जागच्या जागी हलत होता. सोंडे. ओंजळीत घेतला तर निम्मे दाणे पोकळ, फुंकर मारली की उडून जाणारे. कडुनिंबाचा पाला घातला होता, उन्हं दाखवली होती, एरंडीचं तेलही चोळलं होतं. तरी कीड लागली. अर्धा गहू कोंबड्यांपुढे टाकावा लागला आणि दिवाळीपासून दुकानातल्या गव्हाच्या पोळ्या खाव्या लागल्या. लग्न होऊन या घरी आल्यापासून चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

म्हणून यंदा तिनं गोळ्यांचा विषय काढला होता. धान्यात ठेवायच्या गोळ्या. अर्ध्या गावात लोक ठेवत होते. पण रवीनं ऐकताच हात आडवा केला होता.

"आई, ते इख घरात आणायचं नाही. एक वेळ गहू सडला तरी चालंल."

"अरे, पण सारे लोक टाकून राह्यले…"

"लोकाइचं मले सांगू नको. नाही म्हणलं ना."

पण प्रभावती पुढच्या बाजाराला नेरला गेली तेव्हा तिनं औषधाच्या एका दुकानातून गोळ्या घेतल्याच. दुकानदारानं कागदाच्या पुडीत बांधून दिल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता सांगितलं, "कोठी लिंपून घ्या मावशी, अन् घरात झोपू नका." तिनं मान हलवली. घरात झोपू नका म्हणजे कुठं झोपायचं, हे विचारायचं तिच्या जिवावर आलं. दुकानदारानं सांगितल्यापेक्षा तिनं दोन-चार जास्तच टाकल्या, गेल्या वर्षीचे सोंडे डोळ्यांपुढे होते म्हणून. रवी कामाला गेला होता, शीला नळावर होती. फडक्यात बांधून गोळ्या गव्हात खोल खुपसल्या, झाकण लावलं आणि फटीवर कणकेचा थर लिंपला. कालची सकाळची गोष्ट. माजघरात तसंही कोणी झोपत नव्हतं. उन्हाळ्यात सारे पुढच्या खोलीत, कूलरपुढे.

आज दुपारी साडेबाराला लाईन गेली.

प्रभावती स्लॅबवर होती. जुन्या लुगड्याचं छत बांधून त्याखाली कावळे हाकत बसली होती. नागोराव सकाळच्या गाडीनं यवतमाळला भावाकडे गेला होता. खालून शीलाचा आवाज आला, "आत्याबाई, लाईन गेली व. समोरच्या खोलीत तर भट्टी पेटल्यावाणी झालं. मी वैष्णवीले घेऊन माजघरात पडू काय? तिथं गार हाय."

प्रभावतीच्या हातातली काठी क्षणभर थांबली. कोठी आठवली. पण दुपारची दोन घटका झोप, त्यात काय होतं? गोळ्या किड्यांसाठी. झाकण लिंपलेलं. आणि नको म्हणावं तर का म्हणून सांगावं लागेल, मग संध्याकाळी रवी.

"पडा," ती म्हणाली.

शीलानं झळा लागू नयेत म्हणून माजघराच्या खिडकीत पोतं खोचलं आणि दार ओढून घेतलं. दार लागल्याचा आवाज प्रभावतीला वर ऐकू आला.

अडीच वाजले असतील. कुरड्या एका बाजूनं कडक झाल्या होत्या. एवढ्यात रोज वैष्णवी वर येऊन वाळत घातलेल्या खारोडीचा तुकडा मोडून पळायची आणि आजीच्या शिव्या खायची. आज आली नाही. प्रभावतीनं हाक मारली, "वैष्णवी! ये, तुले देते एक." उत्तर नाही. झोपली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण हातातली कुरडई तिनं तशीच खाली ठेवली आणि जिन्यानं उतरली. उतरताना तिच्या लक्षात आलं की ती घाईनं उतरते आहे.

माजघराच्या दाराशी येताच आतून कण्हण्याचा आवाज आला. दार ढकललं आणि नाकात वास शिरला. सडक्या मासळीचा म्हणावा तर तसा, लसणाचा म्हणावा तर तसा. बाहेरच्या लख्ख उन्हातून आल्यानं तिला आधी काही दिसेना. मग दिसलं. वैष्णवी चटईवर एका कुशीला पडली होती, तोंडाजवळ ओकारी झालेली, डोळे अर्धे उघडे. शीला भिंतीला धरून उठायला पाहत होती आणि पुन्हा बसत होती.

"आत्याबाई… छातीवर कोणी बसल्यावाणी होऊन राह्यलं. पोरगी उठत नाही…"

प्रभावतीनं पोरीला उचललं. सहा वर्षांची पोर, पण मान अशी लोंबली की तिला ती तान्ह्या बाळासारखी धरावी लागली. पुढच्या ओट्यावर आणून निजवलं, परत आत गेली, शीलाच्या काखेत हात घालून तिला ओढत बाहेर आणलं. दोन खेपांतच तिचं स्वतःचं डोकं गरगरलं. ओट्यावर येऊन ती ओरडली, "नंदाबाई! व नंदाबाई! धाव व माय!"

शेजारची नंदाबाई पदर सावरत आली. पोरीकडे पाहून तिनं कपाळावर हात मारला. "ऊन लागलं व पोरीले! कांदा आण लवकर, तळपायाले घास. पाणी मार तोंडावर."

प्रभावतीनं कांदा आणला. फोडला. ती नातीच्या तळपायांना कांदा घासू लागली. हात घासत होते आणि तिला कळत होतं की हे ऊन नाही. तळपाय थंड होते, उन्हानं असे थंड होत नाहीत. पण ती घासत राहिली, जोरानं, कातडं लाल होईपर्यंत. ऊनच लागलं असेल तर दुसरं काही नसेल. ऊनच असू दे. नंदाबाई विचारत होती, "काय खाल्लं होतं व दुपारी? शिळं होतं का?" आणि प्रभावती नुसती मान हलवत होती.

वैष्णवीला पुन्हा ओकारी झाली. या वेळी नुसतं पाणी. तिचे ओठ जांभळट दिसायला लागले.

"बबनराव!" नंदाबाई रस्त्याकडे धावली. "बबनराव, गाडी काढा!"

बबनरावची काळीपिवळी लिंबाखाली उभी होती, भर दुपारी सवारी नसल्यानं तो मागच्या सीटवर आडवा झाला होता. त्यानं काही विचारलं नाही. गाडी दारात आणली. प्रभावतीनं पोरीला मांडीवर घेतलं, शीला तिच्या खांद्यावर कलंडली. "घराचं मी पाहते, तुम्ही जा," नंदाबाई म्हणाली आणि गाडी निघाली. वाटेत प्रभावतीनं रवीला फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "सरकारी दवाखान्यात ये. पोरगी बिमार हाय."

नऊ किलोमीटर. दुतर्फा उघडी रानं, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून मोकळी झालेली. गरम वारा खिडकीतून तोंडावर येत होता. प्रभावती दर थोड्या वेळानं वैष्णवीच्या नाकाशी हात धरायची. गाडीच्या हादऱ्यात श्वास लागतो की वारा, ते कळायचं नाही. मग ती पोरीच्या छातीवर कान टेकायची. धडधड ऐकू यायची, पण ती पोरीची की आपली, तेही कळायचं नाही.

"आत्याबाई," शीला डोळे मिटूनच म्हणाली, "तिथं वास कायचा होता?"

"मले नाही आला वास," प्रभावती म्हणाली.

असं खोटं आपण बोललो, ऐन या वेळी, या पोरीशी, याची तिला भीती वाटली. गोळ्यांच्या भीतीहून ही वेगळी होती.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं वैष्णवीला पलंगावर घेतलं, नाडी धरली, डोळ्यांत उजेड टाकला. "काय झालं?"

"ऊन लागलं," प्रभावती म्हणाली.

"अंग तर थंड आहे मावशी." डॉक्टरणीनं नर्सला भराभर काही सांगितलं. तोंडाला ऑक्सिजनचा मुखवटा लागला, हाताला सलाईन. शीलाला शेजारच्या पलंगावर घेतलं, तिलाही मुखवटा लावला, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब पाहिला, परत पाहिला. मग डॉक्टरीण वाकली आणि शीलाच्या साडीजवळ नाक नेऊन तिनं हुंगलं. तिचा चेहरा बदलला. प्रभावती दारापाशी पदराचं टोक तोंडात धरून उभी होती, तिनं तो बदललेला चेहरा पाहिला.

"ताई, घरात फवारणीचं औषध आहे का? किंवा गोळ्या?" डॉक्टरीण शीलाला हळू आवाजात विचारत होती. "घाबरू नका. खरं सांगा. तुम्ही काही घेतलं का? लेकीला काही दिलं का?"

शीलानं डोळे उघडले. तिला प्रश्न कळायलाच वेळ लागला. मग ती जोरजोरानं मान हलवायला लागली. मुखवट्याआडून आवाज नीट येत नव्हता.

एवढ्यात रवी आला. हाताला काळं ग्रीस, शर्ट घामानं चिकटलेला. शेवटचे शब्द त्याच्या कानावर पडले होते. तो जागच्या जागी थांबला.

"घरात काही वाद झाला होता का आज?" डॉक्टरणीनं त्याला विचारलं.

रवी गप्प. सकाळीच वाद झाला होता. शीलाला पुसदला भावाच्या घरी लग्नाला चार दिवस आधी जायचं होतं, आणि रवी म्हणत होता की कामाच्या दिवसांत कशाला. मोठा आवाज झाला होता, गल्लीनं ऐकला होता. शीला चीक हलवता हलवता रडली होती. असे वाद कुठल्या घरात होत नाहीत? पण या जिल्ह्यात अशा वादानंतर औषधाचा डबा उघडला गेल्याच्या गोष्टी गावोगाव आहेत, आणि डॉक्टरीण रोज त्या पाहत असणार. रवीच्या गप्प राहण्यातून जे कळायचं ते तिला कळलं.

"शीला," रवी पलंगाजवळ गेला. त्याचा आवाज फाटला होता. "शीला, तू पोरीले…?"

शीला त्याच्याकडे पाहत राहिली. ती नजर प्रभावती मरेपर्यंत विसरणार नव्हती. रडू नव्हतं तिच्यात, राग नव्हता. आपलाच माणूस आपल्याला हे विचारतो आहे, एवढंच.

आणि त्याच वेळी प्रभावतीच्या मनात एक विचार येऊन गेला. आपण गप्प राहिलो तर? गोळ्या कोठीत आहेत, झाकण लिंपलेलं आहे, कोणाला काय माहीत? शीलाला बोलता येत नाही. ती वाचली नाही तर… विचार एवढाच, डोळ्याची पापणी लवावी एवढा. पण तो आपल्याच डोक्यातून आला, हे कळल्यावर प्रभावतीनं दाराची चौकट धरली.

"तिनं काही नाही केलं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की कोणी ऐकलाच नाही. मग ती पुढे आली आणि ओरडलीच. "तिनं काही नाही केलं! मी टाकल्या. गव्हात गोळ्या मी टाकल्या. काल सकाळी. माजघरात कोठी हाय, अन् या दोघी तिथं झोपल्या. मले माहीत होतं अन् मी पडा म्हणलं."

रवी वळला. तो मारेल असं तिला वाटलं. त्याच्या हाताची मूठ वळलेली तिला दिसली. पण तो भिंतीला पाठ लावून खाली बसला.

डॉक्टरणीला मात्र कोणाकडे पाहायला वेळ नव्हता. "किती गोळ्या? पोटात नाही ना गेलं काही? नुसता वास?" प्रभावतीनं आकडा सांगितला. डॉक्टरणीनं ओठ आवळले. "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी पोटातलं विष समजून भलतीकडेच गेले असते. या गॅसवर उतारा असा नाही मावशी. ऑक्सिजन, सलाईन आणि लक्ष ठेवायचं. दोघींना यवतमाळला न्यावं लागेल, गाडी बोलावते." मग जाता जाता थांबून तिनं विचारलं, "घर उघडं आहे ना? आत कोणी नाही ना?"

प्रभावती तिच्याकडे पाहत राहिली.

नागोराव. त्याची परतीची गाडी साडेतीनला फाट्यावर थांबायची. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला दहा मिनिटं होती. उन्हातून आला की तो सरळ माजघरात जायचा. तिथल्या मातीच्या जमिनीवर पाठ टेकल्याशिवाय त्याला बरं वाटायचं नाही.

तिनं कमरेचा फोन काढला. घाईत नाव सापडेना. नागोरावचा फोन वाजला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग नंदाबाईला.

"हं प्रभाताई, कशी हाय व पोरगी?"

"नंदा, घर उघडं हाय का?"

"नाही व, कुत्रं शिरून राह्यलं होतं, म्हणून मी सारे दारं लावून घेतले. खिडक्या बी. काळजी नको करू. अन् दाजी आलेत आत्ताच. त्याइले सांगितलं म्या, पोरीले ऊन लागलं, नेरले नेलं. म्हणे पाणी पितो अन् निघतो. आत गेले ते."

"त्याइले बाहेर काढ!" प्रभावती किंचाळली. दवाखान्यातली माणसं वळून पाहू लागली. "नंदा, आत गॅस हाय! मरतील ते! बाहेर काढ, पण तू आत नको जाऊ, दारातून हाक मार, दारं उघड!"

पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला. बंद मात्र झाला नाही. प्रभावती कानाला फोन लावून उभी राहिली. लांबून, विहिरीच्या तळातून यावी तशी, नंदाबाईची हाक ऐकू येत होती. "दाजी! ओ दाजी! बाहेर या!" मग काही नाही. मग पुन्हा हाक. मग दार आपटल्याचा आवाज. कोणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. प्रभावतीच्या ओठांवर आपोआप सरणं आलं, बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, आणि तिसरी ओळ तिला आठवेना. आयुष्यभर म्हटलेली ओळ. ती पहिल्या दोनच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग फोनवर खरखर झाली आणि नागोरावचा त्रासलेला आवाज आला.

"काय व, काय गोंधळ लावला? आतमध्ये काय मेलं काय माहीत, घाण सुटली हाय. म्हणलं उंदीर असंल कोठीमांगं. वाकून पाहून राह्यलो होतो, तर ही नंदा बोंबलत आली."

"तुमी बाहेर हा?"

"बाहेर हाओ. डोकं दुखून राह्यलं जरासं. पोरगी कशी हाय?"

प्रभावती फरशीवर बसली. फोन रवीनं तिच्या हातातून घेतला आणि बापाला सगळं सांगितलं: दारं-खिडक्या सताड उघडा, कोणालाही आत जाऊ देऊ नका, कोठीला हात लावू नका, स्वतःला दवाखान्यात दाखवा. सांगताना त्यानं आईकडे पाहिलं नाही.

यवतमाळच्या वाटेवर रुग्णगाडीत प्रभावतीला जागा मिळाली ती वैष्णवीच्या पायाशी. रवी शीलाजवळ बसला होता. त्यानं तिचा हात धरला होता आणि काहीतरी पुटपुटत होता, माफी असावी. शीलानं हात काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, पहिले दोन दिवस धोक्याचे. हृदयावर परिणाम होतो, वरून माणूस बरा दिसतो आणि मग ढासळतो. हे त्यांनी रवीला सांगितलं, पण प्रभावतीनंही ऐकलं. वैष्णवीच्या छातीला तारा लावल्या होत्या आणि एका पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. प्रभावतीला आत जाऊ देत नव्हते. दाराच्या काचेतून तिला तेवढी रेघ दिसायची. ती काचेशी उभी राहायची. रेघ जरा वेगळी उडाली की ती काच ठोकायला हात उचलायची. नर्स आत हसताना दिसली की तिला बरं वाटायचं. नर्स घाईनं चालली की ती पुन्हा रेघ शोधायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आला. त्यानं वहीत लिहून घेतलं: नाव, वय, गोळ्या कुठून आणल्या, कोणी टाकल्या. प्रभावतीनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. आपल्याला नेतील असं ती धरूनच चालली होती, तिनं नंदाबाईकडून लुगडंही मागवून ठेवलं होतं. हवालदारानं अंगठा नको, सही करा म्हटलं. तिनं सही केली. "सुनेचं बी विचारावं लागंल," तो म्हणाला आणि शीलाच्या पलंगाकडे गेला. शीलाला आता बोलता येत होतं. ती काय बोलली ते प्रभावतीला ऐकू आलं नाही. हवालदार परत आला आणि म्हणाला, "घ्या, सूनबाईची काही तक्रार नाही. अपघात म्हणतात." तो गेल्यावरही बराच वेळ प्रभावती बाकावर बसून होती. सुटल्यासारखं तिला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वैष्णवीनं पाणी मागितलं. मग आईला मागितलं. मग म्हणाली, "मले भूक लागली." डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. रवी बाहेर आला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा आईशी बोलला.

"पोरगी जेवून राह्यली," तो म्हणाला. आणखी काही नाही. पण तो तिच्या शेजारी, त्याच बाकावर बसला.

सगळे घरी आले तोवर नागोरावला नेरच्या दवाखान्यातून तपासून सोडलं होतं आणि शेतकी खात्यातला एक माणूस येऊन पाहून गेला होता. त्याच्या सांगण्यावरून चार-पाच जणांनी कोठी अंगणात ओढली होती, श्वास रोखून दोघांनी झाकण काढलं होतं आणि सगळे लांब उभे राहिले होते. गोळ्यांची राख शेतात लांब खड्डा करून पुरली. गहू अंगणात पसरून ठेवला होता, आठ दिवस वाऱ्यावर. त्यात एकही सोंडा नव्हता. तो खावा की नाही, यावर घरात कोणी बोललं नाही. शेवटी शीलाच म्हणाली, "सरकारी माणूस म्हणला, चांगला वाळवून, पाखडून, धुऊन खाता येते. पण माह्यानं त्याची पोळी घशाखाली उतरणार नाही, आत्याबाई."

"नको उतरवू," प्रभावती म्हणाली. "मले बी नाही उतरत."

शीलानं तिला दोष दिला नाही. दिला असता तर प्रभावतीला सोपं गेलं असतं. शीला पहिल्यासारखी बोलायची, चहा द्यायची, डोक्याला तेल लावून द्यायची. फक्त पोरीला घेऊन कुठल्या खोलीत बसायच्या आधी ती दारात थांबून एकदा खोल श्वास घ्यायची. प्रत्येक वेळी. प्रभावती ते पाहायची आणि नजर दुसरीकडे वळवायची.

दहा-बारा दिवसांनी सकाळी नंदाबाई आली. ओट्यावर बसली, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "प्रभाताई, एक सांगू का? कोणाले सांगू नको. माह्या घरात बी हायेत गोळ्या. तुरीच्या कोठीत. महिना झाला. माही सासू, बुढी माय, त्याच खोलीत झोपते. तुह्या घरी असं झालं तवापासून माह्या डोळ्याले डोळा नाही, पण घरात सांगायची छाती होत नाही."

नंदाबाईच्या तोंडावर जी भीती होती, ती प्रभावतीला नीट ओळखता येत होती.

"बुढी माय आता कुठं हाय?"

"झोपली हाय. आतच."

प्रभावती उठली. पायात चप्पल घालायचीही राहिली. गल्लीतून ती जवळजवळ पळतच गेली, नंदाबाई मागे. नंदाबाईच्या घराच्या मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. प्रभावती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. आत अंधार, कोपऱ्यात कोठीचा पत्रा चमकत होता, खाटेवर म्हातारी पांघरूण घेऊन पडली होती. हलते आहे की नाही, ते दिसत नव्हतं. प्रभावतीला वास आला की नुसता वाटला, तेही तिला कळेना.

"बुढी माय!" तिनं उंबऱ्याबाहेरूनच हाक मारली. "ओ बुढी माय, उठा!"

पांघरूण हललं. "कोण व?" म्हातारी चिडून म्हणाली. "झोपू बी नाही देत."

"उठा, बाहेर या. ओट्यावर ऊन नाही, तिथं झोपा." प्रभावतीनं खिडकी बाहेरच्या बाजूनं दोन्ही हातांनी ढकलून उघडली. मग नंदाबाईकडे वळून ती म्हणाली, "रवीले फोन लाव. सरकारी माणूस बोलाव म्हणून मीच सांगते त्याले. अन् तोवर या दारात उभी राह्य, कोणाले आत जाऊ देऊ नको."

म्हातारी काठी टेकत, कुरकुरत ओट्यावर येऊन बसली. प्रभावती तिच्या शेजारी टेकली. तिचे हात अजून कापत होते. म्हातारीनं ते पाहिले, काही न विचारता त्यातला एक हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दाबून धरला. नंदाबाईनं फोन लावला होता. तो पलीकडे वाजत होता.